स्कियापरेलीचा सूर खोडदला, मजकूर टीजीओकडे: रिलेच्या क्षमतेचं एक प्रकरण

१९ ऑक्टोबर २०१६. भारतात रात्रीचे साडेआठ वाजत आले होते. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी दुर्बिणीने मंगळावरून येणारा एक अतिशय क्षीण रेडिओ सूर पकडला होता. युरोपीय अवकाश संस्थेचा, म्हणजे ईसाचा, स्कियापरेली हा लँडर मंगळाच्या वातावरणातून खाली येत होता आणि हा सूर त्याचाच होता. उतरण्याच्या ठरलेल्या वेळेच्या थोडा आधीच तो तुटला. लँडर नीट उतरला की आदळला, हे त्यावरून सांगता येईना. उत्तर त्या वेळी दुसऱ्याच एका यानाच्या मेमरीत पडून होतं आणि ते पृथ्वीवर यायला आणखी काही तास जाणार होते.

मध्ये रिले, म्हणजे ऐकलेला निरोप पुढे पाठवणारं उपकरण किंवा यान, ठेवून बिनतारी संदेश पाठवला तर किती माहिती किती वेगाने जाऊ शकते, हा प्रश्न एरवी समीकरणांतच अडकून पडतो. त्या रात्री त्याची तिन्ही अंगं एकाच वेळी उघडी पडली: थेट मार्ग, रिलेची पहिली उडी आणि दुसरी उडी. म्हणून हे प्रकरण.

आधी मांडणी. एक्झोमार्स २०१६ ही मोहीम १४ मार्च २०१६ रोजी बैकानूरहून निघाली. त्यात ट्रेस गॅस ऑर्बायटर, म्हणजे टीजीओ, आणि त्याला जोडलेला ५७७ किलोंचा स्कियापरेली. १६ ऑक्टोबरला दोघे वेगळे झाले. तीन दिवसांनी लँडरला सहा मिनिटांच्या आत मंगळाच्या मेरिडियानी पठारावर उतरायचं होतं. खरी अडचण अशी की त्याच वेळी टीजीओलाही मंगळाच्या कक्षेत शिरायचं होतं. त्यासाठी त्याचं मुख्य इंजिन १३९ मिनिटं सलग चालणार होतं आणि लँडरचं उतरणं नेमकं त्या मिनिटांतच येत होतं. म्हणजे रिले हजर होता, त्याचे कान उघडे होते, पण तोंड बंद होतं. लँडरचं सगळं बोलणं त्याने नोंदवून ठेवायचं आणि इंजिन थांबून यान पुन्हा पृथ्वीकडे वळलं की पाठवायचं, असं ठरलेलं होतं.

टीजीओखेरीज ऐकणारे आणखी होते. ईसाचंच जुनं मार्स एक्स्प्रेस यान लँडरच्या वहनलहरीची, म्हणजे माहिती जिच्यावर चढवतात त्या मूळ रेडिओ लहरीची, नोंद करत होतं. नासाचा मार्स रिकॉनिसन्स ऑर्बायटर, एमआरओ, नंतर वरून जाणार होता. आणि पृथ्वीवर होती जीएमआरटी.

जीएमआरटीच का, हा प्रश्न साहजिक आहे. नासाच्या डीप स्पेस नेटवर्ककडे ७० मीटर व्यासाच्या तबकड्या आहेत, पण त्या २ गिगाहर्ट्झच्या आसपास आणि त्यावर ऐकतात. लँडर ऑर्बायटरशी बोलतो ते ४०० मेगाहर्ट्झच्या जवळपास. त्या पट्ट्यात ऐकायचं तर रेडिओ खगोलशास्त्राकडेच जावं लागतं. नासाचा फीनिक्स लँडर २००८ मध्ये मंगळावर उतरला तेव्हा अमेरिकेतल्या ग्रीन बँक दुर्बिणीने ऐकलं होतं, क्युरिऑसिटी रोव्हरच्या वेळी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सने. स्कियापरेलीच्या वेळी ही पाळी पुण्याच्या उत्तरेकडच्या माळावर आली. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मध्यभागी दाटीने आहेत आणि उरलेल्या १६ तीन फाट्यांवर पसरलेल्या. तिन्ही फाटे धरले तर पसारा सुमारे २५ किलोमीटरचा.

आता हिशेब. यात मी घेतलेले काही आकडे गोल आहेत आणि लँडरच्या ट्रान्समीटरची शक्ती ५ वॅट धरली आहे. आकडे काही पट इकडेतिकडे झाले तरी निष्कर्ष बदलत नाही, म्हणून चालेल.

मंगळ त्या दिवशी सुमारे १७.५ कोटी किलोमीटर लांब होता. सगळ्या दिशांना सारखे पसरणारे ५ वॅट एवढ्या अंतरावर आले की एका चौरस मीटरवर उरतात साधारण १.३ भागिले १० चा २३ वा घात इतके वॅट. जीएमआरटीच्या तीसही तबकड्या जमेस धरल्या तर क्षेत्रफळ होतं ४७,७०० चौरस मीटर. ७० मीटरच्या बारा तबकड्यांइतकं. त्यातलं ६० टक्के कामाला येतं असं मानू. दुर्बिणीचा स्वतःचा आणि आकाशाचा मिळून गोंगाट १०० केल्विनचा धरू (रेडिओत गोंगाट तापमानात मोजतात). मग सिग्नलची शक्ती आणि दर हर्ट्झमागचा गोंगाट यांचं गुणोत्तर येतं सुमारे २७०.

माहिती सिद्धांताचा जनक क्लॉड शॅनन याने १९४८ मध्ये घालून दिलेली मर्यादा इथे लागू होते. शक्ती तोकडी असेल तर बँडविड्थ, म्हणजे लहरींच्या पट्ट्याची रुंदी, कितीही ओता, दर सेकंदाला जाणारे बिट या गुणोत्तराच्या १.४४ पटीपलीकडे जात नाहीत. २७० गुणिले १.४४ म्हणजे ३९० बिट. हा आदर्श आकडा आहे: जगातलं सर्वोत्तम कोडिंग, सगळ्या तबकड्या एका तालात, आणि लँडरची सगळी शक्ती फक्त माहितीवर खर्च झालेली. उतरणाऱ्या लँडरची टेलिमेट्री, म्हणजे स्वतःच्या स्थितीची तो पाठवत असलेली माहिती, सेकंदाला काही हजार बिटांनी येते. क्युरिऑसिटीच्या उतरण्याच्या वेळी हा वेग ८ किलोबिट होता. तिथे ३९० ची मर्यादा म्हणजे दार बंद. खोडदच्या अभियंत्यांची हुशारी कमी पडली, असा प्रकार नव्हता.

मग सूर कसा ऐकू आला? कारण शोधायची होती ती फक्त वहनलहर. लँडरच्या शक्तीचा काही हिस्सा नुसत्या शुद्ध सुरात जातो, त्यावर माहिती नसते. पाव हिस्सा धरला तरी एक हर्ट्झच्या चिंचोळ्या खिडकीतून पाहिल्यावर तो गोंगाटाच्या साठ-सत्तर पट उंच दिसतो. माहिती वाचायला मात्र हजारो हर्ट्झची खिडकी उघडावी लागते आणि तिच्यातून तितकाच गोंगाटही आत येतो. म्हणजे लँडर बोलतोय हे कळतं, काय बोलतोय हे कळत नाही. सुराची पट्टी डॉपलरमुळे, म्हणजे यानाच्या वेगामुळे, सरकते, त्यावरून वेग कळतो, पॅराशूट उघडल्याचा धक्का कळतो. एवढं हातात आलं की शास्त्रज्ञ बरंच काही काढतात. पण ते निरीक्षण झालं, संदेश नव्हे.

हाच हिशेब आता मंगळाजवळ करू. लँडरपासून २,००० किलोमीटरवर एक ऑर्बायटर आहे असं समजा. अंतर ८७,५०० पटींनी घटलं, म्हणजे शक्ती सुमारे ७६६ कोटी पट वाढली. उलट बाजूला, ऑर्बायटरवरचा साधा अँटेना सगळीकडे सारखा ऐकणारा, त्याचं परिणामकारक क्षेत्रफळ जेमतेम ०.०४५ चौरस मीटर. जेवणाच्या ताटाहून थोडं लहान तबक म्हणा. खोडदच्या तुलनेत ते ६.४ लाख पट लहान. वजा जाता फायदा १२,००० पट. ऑर्बायटरचा गोंगाट पाच पट जास्त धरला तरी २,४०० पट उरतो, आणि मर्यादा ३९० वरून ९ लाख बिटांवर जाते. एवढंसं तबक तीस अजस्र तबकड्यांना हरवतं, कारण अंतर वर्गाने मारतं. मंगळावर उतरवलेली याने गेली दोन दशकं रिलेवर चालली आहेत, ती या एका वर्गामुळे.

इथपर्यंत रिलेचा विजय. पण रिलेला दुसरीही उडी मारायची असते.

माहिती सिद्धांतात रिले वाहिनीची पहिली मांडणी एडवर्ड व्हॅन डेर म्यूलेनने १९७१ मध्ये केली. टॉमस कव्हर आणि अब्बास एल गमाल यांनी १९७९ मध्ये तिला आजचं रूप दिलं. त्यांनी दिलेली वरची मर्यादा समजायला सोपी आहे. पाठवणारा एका बाजूला, ऐकणारा दुसऱ्या बाजूला आणि रिले मध्ये. या चित्रात दोन जागी रेषा मारायच्या. पहिली रेषा पाठवणाऱ्याच्या लगेच पुढे: तो रिलेला आणि अंतिम श्रोत्याला मिळून किती सांगू शकतो? दुसरी श्रोत्याच्या लगेच अलीकडे: पाठवणारा आणि रिले मिळून त्याच्यापर्यंत किती पोचवू शकतात? दोन्हींतला जो आकडा लहान, त्यापलीकडे कोणतीही युक्ती जाऊ शकत नाही.

१९ ऑक्टोबरच्या रात्री ही रेषा मारून पाहा. पहिल्या रेषेवर आकडा भरभक्कम, कारण टीजीओ व्यवस्थित ऐकत होता. दुसऱ्या रेषेवर टीजीओचा वाटा त्या वेळेपुरता शून्य, कारण इंजिन चालू होतं, आणि उरला तो थेट मार्ग, म्हणजे खोडदपर्यंत येणारा तो क्षीण सूर. दोन्हींतला लहान आकडा तोच. टीजीओच्या अंगावर नासाने दिलेले इलेक्ट्रा रेडिओ होते आणि पृथ्वीकडे बोलायला २.२ मीटरचा अँटेना होता. पण तासाभरानंतर लागणारी क्षमता या तासात मोजता येत नाही.

हीच रात्र वेगळ्या हिशेबाने पाहिली की चित्र पालटतं. वेळेची अट काढून टाका. आता टीजीओ नोंदवतो, नंतर पाठवतो, आणि सगळा मजकूर यथास्थित पोचतो. शॅननपासूनच्या सगळ्या क्षमता अशाच मोजलेल्या आहेत: संदेशाचा ठोकळा हवा तेवढा लांब घ्या, वाट हवी तेवढी पाहा, मग सरासरी वेग किती ते सांगा. उशिराला त्यात किंमत नाही. कक्षेतल्या रिलेबाबत माझं मत असं की क्षमतेचा आकडा उशिराचा आकडा शेजारी लिहिल्याशिवाय छापूच नये. टीजीओची पहिली उडी आणि खोडदचा थेट मार्ग यांची तुलना बिटांत केली तर खोडद मोजण्याच्याही लायकीचं नाही. मिनिटांत केली तर टीजीओ नाही.

चार वर्षं आधी, ६ ऑगस्ट २०१२ रोजी, क्युरिऑसिटीच्या वेळी नासाने हे दोन्ही आकडे एकाच रात्रीत विकत घेतले होते आणि ती योजना पाहण्यासारखी आहे. मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या ओडिसी यानाने स्वतःला वळवून लँडरचे बिट ऐकले, वाचले आणि लगेच पृथ्वीकडे ढकलले. सिद्धांताच्या भाषेत याला वाचून पुढे पाठवणं म्हणतात. एमआरओने मात्र बिट वाचलेच नाहीत. अँटेनावर जे काही पडलं ते कच्च्या नमुन्यांच्या रूपात साठवलं आणि नंतर पाठवलं. लागलंच तर पृथ्वीवर बसून त्यातून बिट काढता येतील, अशी सोय. कव्हर आणि एल गमाल यांच्या निबंधातली दुसरी पद्धत, दाबून पुढे पाठवणं, ती हीच म्हणायला हरकत नाही, फक्त दाबण्याचा भाग फार नाही.

कच्ची नोंद महाग पडते. वातावरणात शिरताना यानाचा वेग सेकंदाला जवळपास ६ किलोमीटर असतो. ४०० मेगाहर्ट्झवर त्याचा डॉपलर ८ किलोहर्ट्झपर्यंत जातो. सूर नक्की कुठे असेल हे आधी माहीत नसतं, म्हणून रुंद खिडकी नोंदवावी लागते. माहिती ८ किलोबिट, नोंद तिच्या कित्येक पट. मग ती का करायची? कारण वाचून पुढे पाठवणारा रिले एकदा ताळमेळ चुकला की त्या सेकंदाचं सगळं गमावतो. ताळमेळ चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त तेव्हाच असते, जेव्हा काही बिघडतंय: यान गरगर फिरतंय, आयनीकृत हवेचा पडदा आडवा आलाय. नेमकी तीच माहिती हवी असते. ओडिसी नियंत्रण कक्षातल्या लोकांसाठी होता, एमआरओ चौकशी समितीसाठी.

ओडिसीची ती जागा फुकट मिळालेली नव्हती. त्याआधी यानात बिघाड होऊन ते कक्षेत मागे पडलं होतं; तसंच राहिलं असतं तर क्युरिऑसिटी उतरली तेव्हा ते तिथवर पोचलंच नसतं. २४ जुलैला सहा सेकंद थ्रस्टर चालवून ते सहा मिनिटं पुढे सरकवलं. पृथ्वीशी थेट जाणारे क्युरिऑसिटीचे सूर सेकंदाला बिटभर माहिती देत होते आणि उतरण्याच्या आधीच पृथ्वी मावळल्याने तेही थांबले. ओडिसी नसता तर ती पहिली चिमुकली छायाचित्रं तासन्‌तास आली नसती.

स्कियापरेलीकडे वळू. इंजिन थांबलं, टीजीओ सुखरूप कक्षेत गेला, रात्रीतून नोंदी उतरवल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी ईसाने सांगितलं ते असं: उष्णतारोधक ढाल आणि पॅराशूट यांनी काम केलं, पण पॅराशूट वेळेआधी सुटलं. थ्रस्टर अपेक्षित अर्ध्या मिनिटाऐवजी साधारण तीनच सेकंद चालले. त्यानंतर १९ सेकंद लँडर बोलत राहिला आणि मग गप्प झाला, उतरण्याच्या अपेक्षित क्षणाच्या सुमारे ५० सेकंद आधी.

ही सगळी माहिती लँडरने टीजीओला मरण्याआधी सांगितलेली होती. पुढे चौकशीत कारणही सापडलं. पॅराशूट उघडताना लँडर अपेक्षेपेक्षा जोरात हेलकावला, फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण सुमारे सेकंदभर आपल्या कमाल आकड्यावर अडकून बसलं, आणि संगणकाने त्यावर विश्वास ठेवून हिशेब केला तेव्हा उंची निघाली शून्याच्या खाली. यानाला वाटलं आपण उतरलोच. प्रत्यक्षात ते ३.७ किलोमीटर वर होतं. २० ऑक्टोबरला एमआरओच्या कॅमेऱ्याने जमिनीवरचा काळा डाग आणि पॅराशूटचा पांढरा ठिपका टिपला.

या मोहिमेला अपयश म्हणतात ते उतरण्यापुरतं बरोबर आहे. रिले म्हणून पाहिलं तर ती पास झाली. तुलनेसाठी दोन नावं घेतो. नासाचा मार्स पोलर लँडर डिसेंबर १९९९ मध्ये उतरताना हरवला. खर्च आणि वजन वाचवायला उतरतानाची टेलिमेट्री ठेवलीच नव्हती, त्यामुळे कारण शेवटपर्यंत अंदाजावरच राहिलं. ब्रिटनचा बीगल २ हा २५ डिसेंबर २००३ रोजी उतरला, उतरताना काहीच बोलला नाही आणि नंतरही नाही. तो आदळून फुटला असेल असं सगळे अकरा वर्षं धरून चालले. जानेवारी २०१५ मध्ये छायाचित्रांवरून कळलं की तो शाबूत उतरला होता, फक्त सौर पंख पूर्ण उलगडले नव्हते. अँटेना त्या पंखांखाली दबलेला. पहिल्या उडीत बिट नाहीत, म्हणजे पुढची कितीही क्षमता वाया.

रोजच्या कामात रिलेची मर्यादा वेगळ्याच जागी येते. क्युरिऑसिटी थेट पृथ्वीशी बोलली तर वेग ५०० ते ३२,००० बिट. एमआरओशी बोलली तर २० लाख बिटांपर्यंत. पण एमआरओ क्षितिजावर येऊन मावळेपर्यंत हाती लागतात जेमतेम आठ मिनिटं. त्यातही यान डोक्यावर असतानाचा वेग कडेला मिळत नाही, म्हणून रेडिओ सिग्नल पाहून आपला वेग पायरीपायरीने चढवतात-उतरवतात. आठ मिनिटं कमाल वेगाने बोलता आलं असतं तर सुमारे ९६ कोटी बिट गेले असते. नासाने मोहिमेच्या सुरुवातीला दिलेला अंदाज एका फेरीमागे १० ते २५ कोटींचा होता. थेट पाठवायचे तर तेच २५ कोटी बिट २० तासांपर्यंत वेळ खातील. दुसरी उडी इथे आड येत नाही. एमआरओचा ३ मीटरचा अँटेना सेकंदाला अर्धा मेगाबिट पाठवत असला तरी २५ कोटी बिट नऊ मिनिटांच्या आत निघून जातात. आड येतो तो सहवासाचा वेळ.

मंगळाचे रिले एका बाबतीत नशीबवान आहेत. ऐकायचा पट्टा ४०० मेगाहर्ट्झ, पृथ्वीशी बोलायचा ८ गिगाहर्ट्झ. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. घरात वायफायचा स्वस्त एक्स्टेंडर लावल्यावर वेग निम्मा होतो तो याच्या उलट कारणाने. तो एकाच चॅनेलवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे दोन्ही कामांना अर्धा-अर्धा वेळ. असे टप्पे वाढवत नेले तर अवस्था आणखी वाईट: पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० मध्ये दाखवलं की एकच हवा वाटून घेणारी, एकमेकांचे निरोप पुढे नेणारी उपकरणं वाढत गेली की प्रत्येकाच्या वाट्याचा वेग साधारण संख्येच्या वर्गमुळाने घटतो.

चंद्राकडे पाहिलं की ही सगळी कसरत किती अंतरामुळे आहे ते कळतं. चंद्र १९ ऑक्टोबरच्या मंगळापेक्षा साधारण ४५० पट जवळ, म्हणजे सिग्नल दोन लाख पट तगडा. म्हणून चंद्रयान-३ चा विक्रम २३ ऑगस्ट २०२३ रोजी थेट पृथ्वीशी बोलत उतरला. चंद्रयान-२ चा ऑर्बायटर रिले म्हणून राखीव होता. प्रज्ञान रोव्हर मात्र फक्त विक्रमशी बोलायचा. तिथे लँडरच रिले.

नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरला तेव्हा या भूमिकांची अदलाबदल झालेली होती. एमआरओ, जो २०१२ मध्ये मुकाट नोंद करत होता, तो आता बिट वाचून जवळजवळ लगेच पुढे पाठवत होता. नोंदीचं काम नासाच्याच मेव्हन यानाकडे गेलं. थेट सूर ऐकायला ग्रीन बँक आणि जर्मनीतली एफेल्सबर्ग दुर्बीण. आणि टीजीओ तोवर ४०० किलोमीटरच्या कक्षेत स्थिरावून नासाच्या रोव्हरांच्या माहितीचा मोठा वाटा रोज वाहू लागला होता, त्याच इलेक्ट्रा रेडिओंवर ज्यांनी स्कियापरेलीचं शेवटचं बोलणं नोंदवलं होतं.